कॅनडात बनलेले जुने चेनसॉ: ओळख, खरेदी आणि निगा

जुना चेनसॉ विकणारा बहुतेक वेळा आधी एवढेच सांगतो, "चालतो." संग्राहकाने ही गोष्ट सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. बंद पडलेल्या यंत्रात सगळे मूळ भाग जागेवर असतील, तर थोड्या कष्टाने ते चालू होते. पण तीन-चार मॉडेलांचे भाग जुळवून चालता केलेला चेनसॉ पुन्हा मूळ रूपात आणायला वर्षे जातात, आणि पुष्कळदा तो येतच नाही. झाकणे, सायलेन्सर, एअर फिल्टरची बैठक, दोरीच्या स्टार्टरचे कव्हर यांचे साचे केव्हाच मोडीत गेले आहेत. पिस्टनची रिंग मापावरून मिळते, कव्हर मिळत नाही. म्हणून पूर्णता आधी पाहायची आणि चालण्याचे नंतर.

कोणाची यंत्रे, कुठली

कॅनडाचा चेनसॉ मुळात पश्चिम किनाऱ्याचा. ब्रिटिश कोलंबियातले डग्लस फर आणि सीडर इतके जाड की दोन माणसांच्या हातकरवतीने एक झाड पाडायला बराच वेळ जाई. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे जर्मन बनावटीचे चेनसॉ येऊ लागले होते. युद्धामुळे तो पुरवठा थांबला आणि व्हँकुव्हरच्या कारखान्यांनी ते काम हातात घेतले. त्यातले सर्वांत महत्त्वाचे नाव इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग लिमिटेड, म्हणजे आयईएल. दोन माणसांनी धरायचे अवजड सॉ, त्यातला दोन सिलिंडरचा सुपर ट्विन, पुढे एका माणसाने चालवायचा बीव्हर, नंतर पायोनियर, सुपर पायोनियर आणि एचएम ही सगळी याच कारखान्याची.

१९५६ मध्ये आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने आयईएल विकत घेतली. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही बोटींची इंजिने बनवणारी हीच कंपनी. त्यानंतर उत्पादन ऑन्टारिओतल्या पीटरबरोला गेले आणि 'पायोनियर' हे मॉडेलचे नाव पूर्ण ब्रँडचे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायोनियर स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे गेली आणि पार्टनर या स्वीडिश नावाशी जोडली गेली.

व्हँकुव्हरचीच पॉवर मशिनरी लिमिटेड पीएम या नावाने ओळखली जाते. टॉर्पेडो, रॉकेट, वुडबॉस आणि कॅनेडियन ही तिची मॉडेले. 'वुडबॉस' हे नाव पुढे जर्मन श्टीलनेही वापरले, त्यामुळे जाहिरातीत नुसते नाव वाचून धावत जाऊ नका, फोटो मागवा. पीएमच्या 'कॅनेडियन'चे इंग्रजी स्पेलिंग फ्रेंच पद्धतीचे आहे. शेवटून दुसरे अक्षर 'ए' नसून 'ई' असते. शोधताना दोन्ही स्पेलिंग टाका, कारण विकणारे सर्रास चुकीचे लिहितात आणि ती यंत्रे बाकीच्यांच्या नजरेतून सुटतात.

याशिवाय ग्वेल्फचा हॉर्नेट आणि माँट्रियलचा प्रिसिजन. ही नावे कमी दिसतात. सुटे भाग त्याहून कमी मिळतात. सुरुवात यांच्यापासून करू नये.

पाटी वाचणे

नेमप्लेटवर सगळ्यात आधी क्रियापद शोधा. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'डिस्ट्रिब्युटेड बाय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकन कंपन्यांच्या कॅनेडियन शाखा होत्या, त्यांच्या यंत्रांवर टोरांटो किंवा माँट्रियलचा पत्ता असतो, आणि तेवढ्यावरून ती 'कॅनडाची' म्हणून विकली जातात. उलटही घडते. पीटरबरोत बनलेल्या पायोनियरवर इलिनॉयमधल्या वॉकीगनचा पत्ता दिसू शकतो, कारण आउटबोर्ड मरीनचे मुख्यालय तिथे होते. तो चेनसॉ अमेरिकन समजून सोडून देऊ नका. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मेड इन कॅनडा' आहे का पाहा.

पाटीवर 'इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग' आणि व्हँकुव्हर असेल, तर 'पायोनियर' हे मॉडेलचे नाव. आउटबोर्ड मरीन आणि पीटरबरो असेल, तर तो ब्रँड, आणि मॉडेल वेगळे शोधायचे. स्थलांतराच्या सुमाराला आरए, एनयू-१७ अशी अक्षरांची नावे दिसतात. पुढे ४००, ६००, ६५०, ७५० असे तीन आकडे, मग १०७३, १११०, १२००, ३२७० असे चार आकडे. १९७० च्या दशकात 'पी' आणि दोन आकडे आले: पी२६, पी४१, पी६२ वगैरे. 'हॉलिडे' हे घरगुती वापराचे हलके यंत्र.

आता अडचण. बऱ्याच मॉडेलांत मॉडेलचा आकडा स्टार्टरच्या कव्हरवर किंवा एअर फिल्टरच्या झाकणावर असतो, आणि एकाच कुळातली झाकणे एकमेकांना बसतात. दुकानदाराने तुटलेल्या झाकणाच्या जागी शेजारच्या मॉडेलचे बसवून दिले की ६०० चा ६२० झाला! त्यामुळे झाकणावरचा आकडा हा दावा समजावा, पुरावा नाही. पुरावा असतो क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या मुख्य डब्यावर) ठोकलेला क्रमांक, ओतीव भागांवर उठलेले पार्ट नंबर आणि सिलिंडरचे माप. पार्ट नंबर मूळ भागांच्या यादीशी ताडून पहा. दोन-तीन मोठे भाग एकाच यादीतले निघाले तर निश्चिंत व्हा.

साल ठरवायला काही आडवाटा उपयोगी पडतात. कॅनडात पोस्टल कोड १९७१ ते १९७४ या काळात टप्प्याटप्प्याने आले. स्टिकरवरच्या पत्त्यात पीटरबरोचा 'के९जे' सारखा कोड असेल, तर ते स्टिकर त्याआधीचे असू शकत नाही. इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही सूचना छापल्या असतील, तर यंत्र साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर कॅनडाच्या बाजारासाठी तयार झाले असे धरायला हरकत नाही. मात्र द्विभाषी स्टिकर विक्रीची जागा सांगते, बनवण्याची नाही. आयात यंत्रांवरही ते असते.

रंगावर विसंबू नका. पायोनियरच्या नंतरच्या काळातला हिरवा-पिवळा रंग ओळखीचा असला, तरी पन्नास वर्षांत हाताशी असलेल्या डब्यातला रंग मारलेली यंत्रे पुष्कळ आहेत. टाकीच्या आत, स्टार्टरच्या कव्हरमागे आणि बारच्या, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते त्या पट्टीच्या, पाठीमागे पाहा. तिथे ब्रश पोचत नाही.

यांत्रिक खुणा

पहिली खूण गिअर. इंजिन आणि बार यांच्यामध्ये फुगीर, तेल भरायच्या बुचाचा डबा असेल तर गिअर ड्राइव्ह. स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, सरळ क्लचवर असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातली ताकदीची यंत्रे बहुधा गिअरची.

दुसरी खूण कार्ब्युरेटर. फ्लोटचा कार्ब्युरेटर आडवा केला की इंधन ओसंडते, म्हणून त्या यंत्रांत इंजिन उभेच ठेवून फक्त बार फिरवायची सोय असे. बारच्या मुळाशी खटका आणि फिरती बैठक दिसली की यंत्र जुन्या पिढीचे. डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) कार्ब्युरेटर रुळल्यावर चेनसॉ कसाही वळवून चालवता येऊ लागला. टिलॉट्सन कंपनीचा एचएल हा त्यातला सर्वत्र भेटणारा. त्याच्या फ्लँजवर 'एचएल' आणि पुढे आकडा ठोकलेला असतो. तो टिपून ठेवा, पुढे डायफ्रॅमचा किट त्यावरूनच मागवायचा आहे.

तिसरी खूण आटे. या यंत्रांचे स्क्रू-बोल्ट इंची मापाचे आहेत: पाव इंचाला २० आटे, ५/१६ इंचाला १८. मिलिमीटरचा बोल्ट घातलेला दिसला तर तिथे कोणीतरी नंतर हात घातला आहे. अशा जागी यंत्राच्या मॅग्नेशियमच्या शरीरातले आटे बहुधा मेलेले असतात.

आणि चेन. तिचे माप, म्हणजे पिच, असे घ्या: लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि दोनने भागा. व्हर्निअरवर हे अंतर २५.४ मिमी आले तर पिच अर्धा इंच, २२.२ मिमी तर ७/१६ इंच, २०.५ मिमी तर ०.४०४ आणि १९ मिमी तर ३/८. जुन्या कॅनेडियन यंत्रांत ७/१६ पुष्कळ. ती चेन आता सहज मिळत नाही, म्हणून आधीच्या मालकांनी स्प्रॉकेट आणि बार बदलून ३/८ किंवा ०.४०४ बसवलेले असते. चालवण्यासाठी ते उत्तम. संग्रहासाठी मूळ बार-स्प्रॉकेट सोबत मिळते का हे जरूर विचारा, कित्येकदा ते गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले असते.

चेनचे दातही काळ सांगतात. सरळ उभे, हातकरवतीसारखे खरवडणारे दात म्हणजे जुनी स्क्रॅचर चेन. वाकवलेला, लाकडाची कपची काढणारा दात ही ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्सची कल्पना; त्याची कंपनी १९४७ ची. स्क्रॅचर चेन शाबूत मिळाली तर तिला कानस लावू नका. तेल लावून जशी आहे तशी ठेवा.

खरेदीला जाताना

जवळ असावे: टॉर्च, व्हर्निअर, लहान चुंबक, प्लगचा पाना (३/४ आणि १३/१६ इंच दोन्ही), सपाट आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज आणि हातमोजे.

दोरी ओढण्याआधी सायलेन्सर काढायची परवानगी मागा. दोन-चार बोल्टांचे काम आहे. आत एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. गुळगुळीत आणि करड्या रंगाचा असेल तर चांगला. उभे ओरखडे पडून त्यावर अॅल्युमिनियम सारवल्यासारखे दिसत असेल तर इंजिन तेलाविना किंवा हवेच्या गळतीने पकडलेले आहे. रिंग पिस्टनच्या खाचेत अडकली आहे का हे लाकडी काडीने हलकेच दाबून बघा. मोकळी रिंग आत जाऊन परत येते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लगच्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा ओढा. १२० पीएसआय किंवा जास्त आले तर उत्तम. ९० च्या खाली असेल तर रिंगचा किंवा सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करा. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढताना दाब सोडणारी झडप) असेल तर तो बंद आहे ना, एवढे पाहा. नाहीतर चांगले इंजिनही मेलेले वाटेल.

शरीर बहुतांशी मॅग्नेशियमचे आहे आणि खरी गोम इथेच असते. चुंबक चिकटत नाही, हाताला अपेक्षेपेक्षा हलके लागते. पांढरी भुकटी म्हणजे गंज. ती वरवर असेल तर चालते. टाकीच्या तळाशी, लोखंडी बोल्टांभोवती आणि चेन ऑइलच्या खोलीत ती खोल गेली असेल तर भोके पडतात. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की मॅग्नेशियमच आधी झिजते. तडे शोधायचे ते हँडलच्या मुळाशी, बारच्या स्टडभोवती आणि पाडलेल्या यंत्रात क्रँककेसच्या तळाला. मॅग्नेशियमचे वेल्डिंग होते, पण करणारा जाणकार लागतो.

दोन माणसांच्या सॉमध्ये बारच्या टोकाला बसणारे मदतनीसाचे हँडल आहे का, हे सर्वांत आधी पाहा. ते जवळजवळ नेहमी हरवलेले असते, आणि त्याशिवाय यंत्र अपुरे.

मिळायच्या जागा म्हणजे शेतांचे लिलाव, घर रिकामे करताना होणारी विक्री, आणि बंद पडलेली किंवा बंद पडायच्या बेतातली दुरुस्तीची दुकाने. शेवटची जागा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथे यंत्रांसोबत भागांच्या याद्या, न उघडलेले गॅस्केट आणि जुनी डबेबंद स्टिकरे असतात. यंत्र महाग वाटले तर कागद तरी घ्या. टोरांटो-ब्रॅम्प्टनकडच्या मराठी मंडळींना पीटरबरो सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. आसपासच्या खेड्यांत पायोनियर अजून गोठ्यात आणि तळघरात सापडतात. त्या शहरातल्या मोनॅहन रोडवरच्या आउटबोर्ड मरीनच्या इमारतीत नंतर कित्येक वर्षे कॅनडाचे कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्यांचे) म्युझियम होते.

नवख्याने पहिले यंत्र पीटरबरोच्या काळातले, डायफ्रॅम कार्ब्युरेटरचे आणि डायरेक्ट ड्राइव्हचे घ्यावे. भाग मिळतात, रचना सोपी आहे. आयईएलचे गिअरवाले त्यानंतर. दोन माणसांचे सॉ जागा आणि पाठ दोन्ही शाबूत असतील तरच घ्यावेत. त्यांतले कित्येक ४५ किलोच्या पुढे जातात.

जागे करणे

चालू करायची घाई करू नका. क्रम असा ठेवा.

१. टाकी रिकामी करा. जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. इंधनाची नळी आणि टाकीतला फिल्टर न बघता बदला. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि ते तुकडे थेट कार्ब्युरेटरच्या जाळीत जाऊन बसतात.

२. इंजिन जॅम असेल तर प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे तेल घाला आणि दोन-तीन दिवस थांबा. पिस्टन हातोडीने ठोकू नका. फ्लायव्हीलच्या (शाफ्टवरच्या जड चाकाच्या) पंख्याची पाती धरून जोर तर मुळीच लावू नका, ती तुटतात आणि चाकाचा तोल जातो. फ्लायव्हीलचा नट पान्याने थोडा इकडे, थोडा तिकडे असा हलवा.

३. फ्लायव्हील काढायचा असेल तर नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत आणा, चाक हाताने उचलून धरा आणि नटावर पितळी हातोडीचा एक नेमका ठोका द्या. आत स्पार्क ठरवणारे पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून कोऱ्या कागदाने पुसा. फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. चाक शाफ्टवर नेमके धरणारी लहान धातूची चावी अर्धवट कापली गेली आहे का पाहा. स्पार्क चांगला पण इंजिन उलट झटका देते, अशी तक्रार असली की दोष बहुधा या चावीत असतो.

४. कॉइल आणि फ्लायव्हीलवरचे चुंबक यांत ०.०१० ते ०.०१२ इंच अंतर ठेवा.

५. कार्ब्युरेटर उघडून जाळी, डायफ्रॅम आणि नीडल बदला. मिश्रणाचे दोन्ही स्क्रू हलके बसेपर्यंत आत, मग एक-एक पूर्ण फेरा बाहेर. इथून सुरुवात. घट्ट पिळलेला स्क्रू आपली बैठक कायमची बिघडवतो.

६. क्लच काढताना पिस्टन एक्झॉस्टचे भोक ओलांडून वर आल्यावर प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरी भरा, म्हणजे तो अडकून राहतो. क्लचचे आटे अनेकदा उलटे असतात. आधी बाणाची खूण शोधा.

इंधन इथेनॉलविरहित पेट्रोल. जुन्या पाटीवर १६ ला १ असे प्रमाण आणि एसएई ३० तेल लिहिलेले असू शकते. ते त्या काळच्या तेलासाठी होते. आजचे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे चांगले टू-स्ट्रोक तेल ३२ ला १ वापरा: एक लिटरला ३१ मिलिलिटर.

यंत्र सुरू होऊन गरम झाल्यावर आपोआप वेग वाढू लागला, तर हवा गळते आहे. क्रँकची ऑइल सील किंवा कार्ब्युरेटरमागचे गॅस्केट कडक झालेले असते. ताबडतोब बंद करा. स्क्रू फिरवून वेग खाली आणायचा प्रयत्न केला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) राहते आणि पिस्टन जातो.

यांतल्या बहुतेक यंत्रांना चेन ब्रेक नाही, पुढच्या हाताचे संरक्षण नाही, थ्रॉटलची दुहेरी कळ नाही. बारचे टोक लाकडाला लागले की उसळी थेट चेहऱ्याकडे येते. दाखवायला चालवायचे असेल तर चेन काढा, कानांना मफ लावा, आणि भाराविना पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

स्वच्छता आणि जपणूक

चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लाचे कोणतेही गंज-रिमूव्हर मॅग्नेशियमला लावू नका, ते धातू खाते. पितळी पाटीलाही नको. अक्षरांतला मूळ रंग निघून गेला की पाटी वाचता येईनाशी होते. रॉकेल, जुना टूथब्रश आणि लाकडी चमचा पुरेसा आहे. मॅग्नेशियमवर ग्राइंडर चालवणे धोक्याचे. त्याची धूळ पेट घेते आणि पाणी ओतले तर आग भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवा. जुने गॅस्केट आणि क्लचचे अस्तर यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. कोरडे घासू किंवा फुंकू नका, ओले करून काढा.

पुन्हा रंगवायचा मोह टाळा. मूळ रंगाचे झिजलेले यंत्र नव्या चकचकीत रंगाच्या यंत्राहून जास्त मोलाचे, आणि तो थर एकदा गेला की परत येत नाही. मेणाचा पातळ हात पुरे.

ठेवताना टाकी रिकामी करा, इंजिन इंधन संपेपर्यंत चालवा, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून दोरी हळू ओढा आणि पिस्टन वर आणून थांबा, म्हणजे भोके झाकलेली राहतात. लाकडी फळीवर ठेवा, सिमेंटच्या ओल्या जमिनीवर नको. प्रत्येक यंत्रासोबत एक कार्ड असू द्या: क्रँककेसचा क्रमांक, पार्ट नंबर, कार्ब्युरेटरचा आकडा, चेनची मापे, कुठून मिळाले आणि कोणते भाग मूळ नाहीत.

दुसऱ्या देशात पाठवायचे असेल तर पेट्रोल वापरलेल्या इंजिनाला विमानात सामानातून नेऊ देतील असे धरून चालू नका. वाफ राहिली तरी विमान कंपन्या नाकारतात. विमान कंपनीला लेखी विचारा, किंवा टाकी-कार्ब्युरेटर कोरडे करून समुद्रमार्गे पाठवा. पाटी आणि मॅन्युअल मात्र हातसामानात घ्या.